अप्पांची पायली आणि माझी घोटाई

“जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ!” ही हाळी मी चाळीस वर्षं दिली. आमच्या गावापासून नांदूरघाटापर्यंत असं एक गाव नसेल, जिथलं कुत्रं माझ्यावर भुंकलं नाही. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि माझी हाळी घशातच राहिली. आता आमच्या शाळेतले गुरुजी दिवाळीचा अंक काढतात. ते म्हणाले, “आबा, टाकी लावणारा माणूस पुढच्या पोरांना दिसायचा नाही. धंद्यातल्या गमती लिहा.” मी म्हटलं, गमती पुष्कळ आहेत, पण सगळ्यात मोठ्या गमतीत मी खोटं बोललोय. गुरुजी म्हणाले, “मग तीच लिहा.”

अक्षरं मी आधी दगडात कोरली आणि नंतर कागदावर शिकलो. त्यामुळे माझं लिहिणं सावकाश चालतं. वाचणाऱ्याने धीर धरावा.

ज्यांनी जातं पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी धंदा सांगतो. दळून दळून जात्याच्या दोन्ही तळ्या गुळगुळीत होतात. मग दाणा भरडला जात नाही, नुसता घसरतो. पाथरवटाने छिन्नीने, म्हणजे आमच्या भाषेत टाकीने, तळीवर बारीक बारीक खड्डे पाडायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. काम दिसायला सोपं आहे. खड्डा खोल गेला तर पीठ जाडं येतं, उथळ राहिला तर महिन्याभरात बाई पुन्हा दारात शिव्या द्यायला उभी. शिवाय टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच येते. ते पीठ गुरांना घालायचं, हे सांगूनही बायका भाकरी करायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा दात घेऊन माझ्याकडे यायच्या.

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात अवघड सोनाबाई. विधवा बाई, एकटी राहायची, लोकांची दळणं दळून पोट भरायची. ती माझं काम डोळ्यांनी बघायचीच नाही. तळीवरून तळहात फिरवायची आणि सांगायची, “हितं चार टोले कमी मारलेस. घरी जायची घाई झालती व्हय रं?” आणि खरंच तिथे चार टोले कमी असायचे. दगड हाताने वाचणारी माणसं असतात, हे मला तिच्यामुळे कळलं. पुढे ते माझ्या अंगाशी आलं.

पण मला लिहायचंय ते बसलिंगअप्पांबद्दल.

अप्पा आमच्या पेठेतले वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अंगात बाराबंदी आणि धान्याच्या धुळीने कायम पांढऱ्या भुवया. निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी विशी-बाविशीचा असेन. बाप नुकताच वारला होता आणि त्याची हत्यारं तेवढी माझ्याकडे आली होती. अप्पांनी मला मोठी कामं दिली नसती तर मी आयुष्यभर जातीच ठोकत बसलो असतो.

अप्पांची देवळांना देणगी द्यायची तऱ्हाच निराळी होती. दुसरे सावकार कळसाला सोन्याचं पाणी देत, समया देत. अप्पा म्हणायचे, “देवाकडं उजेडाचा तोटा हाय का रं? त्येच्याकडं येनाऱ्या मानसाला काय पायजे ते बघ.” खंडोबाच्या माळावर लांबून गाड्या येत, तिथे त्यांनी माझ्याकडून बैलांना पाणी प्यायला दगडी डोण करून घेतली. देवीच्या देवळासमोर कासारणी उन्हात बसून बांगड्या भरायच्या, तिथे ओटा बांधला, त्यावर छप्पर घातलं. मारुतीला घंटा दिली, आणि बाजाराच्या दिवशी ती वाजली की दुकानं उघडायची असा रिवाज पाडला. आधी कोणीही पहाटेपासून येऊन शेतकऱ्यांचा माल वाटेतच अडवायचा, तो प्रकार त्या घंटेनं बंद झाला.

महादेवाच्या देवळासमोरही डोण ठेवायची ठरली, तेव्हा तिथला गुरव रुसला. “अप्पा, देवाच्या दारात बैल बांधनार व्हय?”

“महादेवाच्या दारात बैल न्हाई तर काय उंट बांधू?” अप्पा म्हणाले. गुरवाने नंदीकडे पाहिलं आणि डोणीला जागा दाखवली.

मी एकदा विचारलं, “अप्पा, डोणीवर तुमचं नाव घालू का? टाकी हातातच हाय.”

“नगं. नाव घातलं की लोक वाचत बसत्यात आन बैल तसाच उबा ऱ्हातो.”

धर्म करताना त्यांच्यातला वाणी झोपत नसे, हेही सांगितलं पाहिजे. डोण झाल्यावर गाडीवान थांबू लागले, थांबले की मीठ-मिरची घेऊ लागले आणि आमचा सोमवारचा बाजार वाढला. कोणी चिडवलं तर अप्पा हसून म्हणायचे, “देवाचं बी चाललं, माजं बी चाललं. भांडन कुटं हाय?”

त्या काळी बाजारात खरी कटकट मापाची होती. धान्य तोलत नसत, पायलीने मापत. पायली म्हणजे लाकडाचं किंवा पितळेचं भांडं. काही दुकानदार दोन पायल्या ठेवत. शेतकऱ्याकडून घ्यायची मोठी, गिऱ्हाइकाला द्यायची लहान. दोन्हीकडून मूठ-मूठ दुकानात राहायची. नारायणशेट म्हणून एक दुकानदार होते, त्यांच्याबद्दल तर लोक म्हणत की त्यांच्या पायलीला आतून दुसरा तळ आहे. दर सोमवारी मापावरून हमरीतुमरी व्हायची, शेतकरी रडकुंडीला येऊन माल परत न्यायचे.

एक दिवस अप्पांनी मला महादेवाच्या पायरीशी नेलं. “सख्या, हितं ओट्यात एक दगड बसवायचा. त्यात पायलीभर खळगा. कमी न्हाई, जास्त न्हाई. ज्येला शंका आली त्येनं आपलं धान्य आनून त्यात वतायचं. काठाला आलं तर माप खरं. देवाच्या दारात कोन भांडंल?”

मला काम फार आवडलं. काळा पाषाण निवडला. खळगा पोखरला. तळाशी बोटभर भोक पाडून ते तिरपं दगडाच्या बाजूला काढलं आणि त्याला लाकडी बूच बसवलं. मापून झालं की बूच काढायचं, धान्य खाली धरलेल्या पाटीत पडायचं. तो तिरपा मार्ग पाडताना दगड तडकला असता तर महिन्याचं काम वाया गेलं असतं. तडकला नाही. माझी छाती दोन बोटं फुगली.

शनिवारी अप्पा स्वतःची पायली घेऊन आले. पितळेच्या कड्यांची लाकडी पायली. त्यांच्या आजोबांनी दुकान मांडलं तेव्हाची. घेताना तीच, देताना तीच. सगळ्या पेठेत ते एक माप बिनतक्रार होतं. त्यांनी ज्वारी भरली, वर हात फिरवून सपाट केली आणि खळग्यात ओतली. काठोकाठ! एक दाणा वर नाही, एक दाणा खाली नाही. बूच काढून ज्वारी खाली घेतल्यावर अप्पांनी खळग्यात हात घालून चाचपलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले.

मग गुरव आला. त्याने आत बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. “सखाराम, ह्ये आसं खरबरीत? देवाच्या दारात? तुज्या नांदूरघाटच्या सासऱ्यानं बघितलं तर काय म्हनंल?”

नांदूरघाटचे पाथरवट म्हणजे आमच्या मुलखातले नावाजलेले कारागीर. त्यांच्यातल्याच एकाची मुलगी, गोदा, मला नुकतीच सांगून आली होती. सुपारी फुटायची बाकी होती. म्हातारा हातचं काम बघितल्याशिवाय मुलगी देणार नव्हता आणि याच सोमवारी तो बाजाराला येणार होता. गुरवाचं बोलणं मला बरोबर लागलं. मी रविवारभर खळगा घोटला. आधी वाळू-पाणी, मग कुरुंदाचा दगड, मग तेलाचं बोट. संध्याकाळपर्यंत खळगा असा झाला की वाकून पाहिलं तर तोंड दिसावं.

आता वाचणाऱ्यांतले शहाणे लोक ओळखतील. माझ्या ध्यानात मात्र ते आलं नाही. टाकीच्या कामात दगडावर बारीक दात राहतात. घोटलं की ते दात जातात. ज्वारीच्या अर्ध्या दाण्याइतका थर असेल, पण तो चारी बाजूंनी आणि तळाशी जातो. भांडं मापाचं असेल तर आधी घोटायचं आणि मग मापायचं. बापाने हे मला दहा वेळा सांगितलं असेल, पण माझा हात जाती-पाट्यांवर बसलेला. जात्याला कोण मापतो?

सोमवारी गुरवाने दगडावर अभिषेक केला. फुलं वाहिली. माझा होणारा सासरा पुढेच उभा होता. त्याने खळग्यात डोकावून “व्वा!” म्हटलं आणि मी आभाळाला टेकलो. अप्पा म्हणाले, “पयलं माप माज्या दुकानाचं घ्या.” सोनाबाई त्यांच्याकडून पायलीभर ज्वारी घेऊन आली. तिने ओतली.

ज्वारी काठाला आलीच नाही. मूठभर कमी.

 मग नारायणशेट मोठ्याने हसले, “अप्पा, तुमच्याच दगडानं तुमालाच धरलं की!”

 मला त्याच क्षणी कळलं की काय झालंय. अप्पा पुढे झाले, खळग्यात हात घातला आणि आतून गोल फिरवला. शनिवारी तो दगड त्यांच्या हाताला खरबरीत लागला होता, आज लोण्यासारखा लागत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. आणि लोकांना म्हणाले, “अभिषेक झालेला दगड खोटा कसा आसंल? माज्या पायलीचा काठ झिजलाय. सोनाबाई, ही घे वरची मूठ.”

पाठोपाठ इतरांची मापं आली. सगळीच कमी भरली. नारायणशेटांची तर तीन मुठी कमी! मग हसायची पाळी लोकांची होती.

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या झोपडीत आले. उकिडवे बसले. “सख्या, बराबर मापलंतंस न्हवं?”

“बराबर अप्पा. तुमच्यासमोरच की.”

हे खरं होतं, म्हणूनच ते इतकं वाईट होतं. अप्पांनी माझ्या हत्यारांवरून नजर फिरवली. “मंग बराबर,” म्हणाले आणि उठले. जाताना मजुरीची ज्वारी न्यायला बोलावलं. ती त्यांनी त्याच दगडाने मापून दिली. म्हणजे माझ्या चुकीची दर पायलीमागे एक मूठ मलाच जास्त मिळाली. ती ज्वारी मी खाल्ली. गोड लागली नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. लागली.

अप्पांनी सुताराकडून दगडाबरहुकूम नवी मोठी पायली करून घेतली. गिऱ्हाइकाला द्यायचं ते त्या नव्या मापाने. पण शेतकरी घरून जुन्या मापाने मोजून आणणार. त्याच्याकडून मोठ्या पायलीने घेतलं तर त्याची मूठ जाणार. म्हणून घ्यायचं ते आजोबांच्या जुन्या पायलीने. दोन मापं! बाजारातल्या लबाडांची होती तशीच, फक्त उलटी. मूठ जायची ती अप्पांचीच.

नारायणशेटांना एवढंच दिसलं की अप्पांच्या दुकानात दोन पायल्या आहेत. त्यांनी तहसिलीत अर्ज दिला. पुढच्याच बाजाराला तपासणीला तहसिलीचे गिरदावरसाहेब घोड्यावरून आले. शेरवानी, तोंडात पान. चावडीसमोर खुर्ची टाकून बसले आणि अप्पांच्या दोन्ही पायल्या पुढ्यात मागवल्या.

“अप्पा, ये दो-दो पायल्या कायकू?”

“एक घ्यायची, एक द्यायची, हुजूर.”

लोकांत कुजबूज झाली. लबाड माणूससुद्धा हे इतकं उघड बोलत नाही. साहेबांनी पान थुंकलं. “लेनेकी कौनसी?”

“ल्हान.”

“और देनेकी?”

“मोटी.”

“उलटा बोल रहे तुम.”

“न्हाई हुजूर. ल्हान घ्यायची, मोटी द्यायची.”

साहेबांनी दोन्ही पायल्या उचलल्या, एक दुसरीत घालून पाहिली आणि एकदम खदाखदा हसले. “अरे, ये कैसा बेवकूफ बनिया है! लूट भी रहा तो खुदकोच!” चावडी हसायला लागली. अप्पाही हसले. नारायणशेट तेवढे हसले नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. हसणं थांबल्यावर साहेबांनी डोळे पुसले आणि सरळ प्रश्न विचारला. “लेकिन सच्ची कौनसी? दोनों तो सच्ची नहीं हो सकती. वो पत्थर किसने काटा?”

लोकांनी मला पुढे ढकललं. सासराही होता, कारण सुपारी त्याच दिवशी फुटायची होती. सोनाबाई समोरच होती आणि माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होती.

“सही काटा?”

एक शब्द बोलायचा होता. घोटाईत बिघडला, हुजूर. आत एक रेघ ओढतो, तिथवर पायली. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण मग बाजारभर झालं असतं की सख्याला साधं माप कोरता येत नाही, आणि नांदूरघाटचा म्हातारा त्याच पावली परत गेला असता.

“सही काटा, हुजूर,” मी म्हणालो. “अप्पांच्या समोर मापलं.”

“अप्पा?”

“मापलं खरं माज्यासमोर,” अप्पा म्हणाले. त्यातही खोटं काही नव्हतं.

“तो फिर पत्थर सच्चा, और ये पुरानी पायली झूठी. एक दुकान में दो माप नक्को. इसकू तोडो.”

आजोबांची पायली. पेठेतलं एकमेव खरं माप. शिपाई पुढे झाला तेव्हा अप्पांनी त्याला हाताने थांबवलं. “मी फोडतो, हुजूर.” आणि माझ्याकडे वळले. “सख्या, तुजा हातोडा दे.”

मी दिला. त्यांनी पायली चावडीच्या फरशीवर आडवी ठेवली आणि एका टोल्यात फोडली. पितळेची कडी गडगडत गेली आणि नारायणशेटांच्या पायाशी थांबली. अप्पांनी हातोडा धोतराला पुसून मला परत दिला, जणू तोच घाण झाला होता. सोनाबाई माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, “तुज्या दगडाचं पोट मोटं हाय बे, सख्या.” एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही, पण टाकी लावायला मलाच बोलवायची आणि हात फिरवून चार टोले कमी काढायचीच.

पुढची हकीकत मात्र गमतीची आहे. दगड साहेबांच्या हुकमाने खरा ठरला, तेव्हा सगळ्या पेठेला मोठी पायली करावी लागली. बाजारात दाणे घेणाऱ्याला मूठभर जास्त मिळायला लागलं. शेतकऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून अप्पांनी नवा रिवाज काढला. शेतकऱ्याचा माल मापला की दर पायलीमागे एक मूठ त्याला परत द्यायची. तिला ते “महादेवाची मूठ” म्हणत. बाकीचे दुकानदार कुरकुरले. पण शेतकरी अप्पांच्याच दारात रांग लावायला लागले, तेव्हा त्यांनाही मूठ परत द्यावी लागली. वर्षा-दोन वर्षांत दूरच्या चकलांब्याच्या बाजूच्या गाड्यासुद्धा आमच्या बाजाराला यायला लागल्या. “तिथं पायली मोटी हाय आन मूठ परत मिळती,” असं लोक सांगायचे. माझ्या चुकीवर एक बाजार उभा राहिला. ही शेखी मिरवायची गोष्ट आहे की लाजायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लाजायची बाजू ही की अप्पांना एक नाव पडलं. “दोन मापांचे अप्पा.” ज्यांनी ती चावडी पाहिली होती ते प्रेमाने म्हणायचे, हसायचे. अप्पाही हाक ऐकून ओ द्यायचे. पण पाहणारी माणसं एक एक करून गेली, अप्पा गेले, निजाम गेला आणि नाव तेवढं राहिलं. नवी पिढी ऐकते, दोन मापांचे अप्पा, आणि समजते की कोणीतरी लबाड वाणी होता, त्याची पायली सरकारने चावडीवर फोडली. फोडली हे तर खरंच आहे.

मी हे वर्षानुवर्षं ऐकत राहिलो. आज बोलू, उद्या बोलू. लग्न झालं होतं, पोरं झाली होती, सासरा कधीच गेला होता. भीती कसली होती, ते आता मला सांगता येत नाही. बरेच दिवस गप्प बसलं की त्याचीच सवय होते, एवढंच.

गेल्या श्रावणात देवळाच्या पंचांनी सभा बोलावली. ओट्यावर नवी फरशी घालायची होती. किलोचं माप आलं, पायली गेली, तो दगड आता कशाला, असा विषय निघाला. एक तरुण पंच म्हणाला, “आन तसा बी तो दोन मापांच्या अप्पाचा दगड. लबाडाची निशानी देवाच्या दारात कावून ठिवायची? काढून नाल्यात टाका.”

अप्पांचा नातू तिथेच खांबाला टेकून बसला होता. पेठेत त्याचं छोटं दुकान आहे.  तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला.

मी उठलो. “दगड लबाड हाय,” मी म्हणालो, “पन अप्पा न्हाई. लबाड मी.” आणि सगळं सांगितलं. वाळू-पाणी, कुरुंद, तेलाचं बोट, गिरदावर, हातोडा.  मग तोच तरुण पंच जरा मऊ आवाजात म्हणाला, “आबा, खरं आसंल तुमचं. पन आता पुरावा काय? खरी पायली तर तवाच फोडली.”

 तेव्हा बायकांच्या बाजूने गोदा उठली. माझी बायको. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, “थांबा. आले मी.” घर जवळच आहे. परत आली ती पदराखाली एक पायली घेऊन. काळी पडलेली, जुनी. “माज्या बापानं रुखवतात दिलती. नांदूरघाटची हाय, जुन्या मापाची. तुमच्या बाजाराच्या पायलीशी जुळंना, म्हनून दान्याच्या कनगीच्या तळाशी ठिवली व्हती.”

अप्पांच्या नातवाने दुकानातून ज्वारी आणली. गोदाने पायली भरली, वरून हात फिरवला आणि दगडात ओतली. लोक वाकून बघायला लागले. मूठभर कमी. जशीच्या तशी, त्या पहिल्या सोमवारची मूठ.

“म्हंजी इतकी वर्षं,” मागून कोणीतरी म्हणालं, “आपल्याला मूठ-मूठ जास्तच मिळाली का बे?” आणि सभा हसली. चावडी हसली होती तशी.

मी गोदाला विचारलं, “तुला कवा कळलं?”

“लगीन करून आले त्या पयल्या सोमवारी. पाया पडायला गेलते तवा हात घातलता आत. पाथरवटाची लेक हाय मी.”

“मंग बोलली कावून न्हाईस?”

“तुमी बोलायची वाट बघत व्हते,” ती म्हणाली. “लई वाट बघायला लावली.”

अप्पांचा नातू हसत होता आणि डोळेही पुसत होता. म्हणाला, “आबा, आमच्या आज्जीला ठाऊक व्हतं. तुमच्या लग्नाला निघताना ती अप्पांना म्हनली, पाथरवटाच्या पोराला अहेर काय करायचा? तर अप्पा म्हनले, एक तर मी चावडीवरच केलाय, आता वरून लुगडं कर.”

त्या लुगड्याची गोधडी अजून आमच्याकडे आहे.

दगड राहिला. पंचांनी मला त्यावर अप्पांचं नाव कोरायला सांगितलं. मी म्हटलं, नाव नको, नाव घातलं की लोक वाचत बसतात. त्यापेक्षा तेव्हा राहिलेलं काम करतो. गोदाने पुन्हा पायली ओतली, ज्वारी सपाट केली आणि ज्वारीच्या कडेने कोळशाने खूण केली. मग खळगा रिकामा करून मी त्या खुणेवर आतून गोल रेघ कोरली. खाली पायली, रेघेच्या वर अप्पांची मूठ.  रेघ दोन ठिकाणी वाकडी गेली. सोनाबाई असती तर चार टोले काढलेच असते.

कोरून झाल्यावर गोदा ज्वारी घेऊन पुढे आली. मी तिला थांबवलं. कुरुंदाचा तुकडा घेतला आणि रेघेचे काठ अंगठ्याने चाचपत आधी घोटून घेतले. मग तिला म्हटलं, आता ओत.